ट्रेलरमधला एसी चालतो, पण गारवा पोहोचत नाही: बडोद्याच्या उन्हाळ्यासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात मार्च उलटला की ट्रेलर आणि कॅरव्हॅनवाल्यांची एकच तक्रार सुरू होते: एसी तर धडधडतोय, मग आत उकडतंय का? एकतानगर असो, पावागड असो की कच्छचं रण, मुक्कामाला पोहोचेपर्यंत ट्रेलरचं छत तापून निघालेलं असतं. बहुतेक लोक अशा वेळी मोठा एसी घ्यायला निघतात. माझं मत स्पष्ट आहे. थंड हवा तयार होत असते, पण ती वाटेत हरवते. आधी वाट दुरुस्त करा, पैसे नंतर खर्च करा. खालचे प्रश्न मुख्यतः छतावर बसवलेल्या आणि छतातून डक्ट (थंड हवा नेणारी बंद वाट) गेलेल्या एसीबद्दल आहेत. स्प्लिट एसीबद्दल पुढे वेगळा प्रश्न आहे.

दोष एसीचा आहे की हवेच्या वाटेचा, हे घरच्या घरी कसं कळेल?

साधा डिजिटल थर्मामीटर घ्या. एसी पूर्ण वेगाने अर्धा तास चालू द्या. मग जिथून हवा आत ओढली जाते त्या रिटर्नच्या जाळीपाशी एक मापन घ्या आणि एसीच्या सगळ्यात जवळच्या व्हेंटपाशी, म्हणजे थंड हवा खोलीत सोडणाऱ्या तोंडापाशी, दुसरं. या दोन्हींत साधारण 9 ते 12 अंशांचा फरक दिसला, तर मशीन आपलं काम करतंय. आता तेच मापन सगळ्यात लांबच्या व्हेंटवर घ्या. जवळच्या व्हेंटला 17 आणि मागच्या पलंगावरच्या व्हेंटला 23 येत असेल, तर मधले सहा अंश डक्टने खाल्ले.

एक गोष्ट नीट समजून घ्या. ट्रेलर उन्हात उभा राहून आत 38 झाले असतील, तर व्हेंटमधून सुरुवातीला 27 च्या आसपासचीच हवा येणार. रिमोटवर 18 लावल्याने ती 18 ची होत नाही. त्या वेळी एसीला नावं ठेवू नका, त्याला दोन तास द्या.

पण कारागीर म्हणतो, ‘गॅस ओछो छे’ (गॅस कमी आहे). भरून घेऊ का?

घाई करू नका. छतावरच्या एसीची गॅसची नळी कारखान्यातच झाळून बंद केलेली असते आणि बऱ्याच मॉडेलमध्ये गॅस भरायचा वॉल्व्हसुद्धा नसतो. गॅस वापरून संपत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती शोधल्याशिवाय भरलेला गॅस पुन्हा जाणारच. वरच्या मापनात फरक 9 अंशांपेक्षा बराच कमी आला आणि फिल्टर, कॉइल (हवा थंड करणारी नळ्यांची जाळी) स्वच्छ असली, तरच गॅसचा विचार करा.

मग थंड हवा नेमकी कुठे हरवते?

या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वेळ देतो, कारण निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ इथेच सापडतं.

छताला साधारण 36 सेंटिमीटर लांबी-रुंदीचं चौकोनी भोक असतं आणि एसी त्यावर बसतो. त्याच एका भोकातून खोलीतली गरम हवा वर ओढली जाते आणि त्याच भोकातून थंड हवा खाली येऊन डक्टमध्ये शिरते. दोन्ही शेजारी-शेजारी. मध्ये फक्त एक पातळ पडदी, कधी पत्र्याची, कधी फोमची. पुष्कळ ट्रेलरमध्ये ही पडदी वरच्या एसीच्या तळाला किंवा खालच्या छताला नीट टेकलेली नसते. बोटभर फट राहते. ब्लोअर, म्हणजे एसीतला पंखा, एका बाजूला हवा ढकलतो, दुसऱ्या बाजूला ओढतो, त्यामुळे त्या फटीतून थंड हवा खोलीत न येता सरळ परत आत जाते.

याचे परिणाम तिहेरी आहेत. एक, तुमच्या वाट्याला कमी हवा येते. दोन, तापमान मोजणारा सेन्सर बहुधा रिटर्नमध्येच असतो. त्याला ही परत आलेली गार हवा लागते, खोली थंड झाली असं तो समजतो आणि कॉम्प्रेसर लवकर बंद होतो. तीन, कॉइलवरून आधीच थंड झालेली हवा पुन्हा पुन्हा फिरते आणि कॉइलवर बर्फ धरतो.

दुसरी गळती त्याच भोकाच्या कडांतून. वरचं छत आणि आतलं सीलिंग यांच्यामध्ये पोकळी असते. भोकाच्या चारही बाजूंना लाकूड किंवा पाइपची चौकट असते आणि सांधे उघडे असतात. थंड हवा त्या पोकळीत शिरते आणि छताचा पत्रा आतून गार करत बसते. तिसरी गळती डक्टचं तोंड जिथे भोकात उघडतं तिथे, विशेषतः डक्टच्या वरच्या आणि खालच्या काठाला.

ही गळती डोळ्यांनी दिसते का?

दिसते. अगरबत्ती पेटवा. एसी पूर्ण वेगाने चालू ठेवा आणि आतल्या कव्हरच्या कडेने अगरबत्ती वीतभर अंतरावरून हळूहळू फिरवा. रिटर्नच्या जाळीपाशी धूर आत ओढला जाणार, ते बरोबरच आहे. पण जिथे फक्त बंद सांधा असायला हवा, तिथे धूर अचानक वाकला किंवा उडाला, तर तिथे पेन्सिलने खूण करा. अगरबत्ती थर्मोकोल किंवा फोमला लागू देऊ नका, दोन्ही चटकन पेट घेतात.

बंद कशी करायची?

आधी वीज तोडा. नुसता रिमोट नाही, एमसीबी पाडा आणि बाहेरची वायर सॉकेटमधून काढा. एसीच्या विजेच्या डब्यातला कपॅसिटर वीज तोडल्यावरही चार्ज धरून ठेवतो, त्या डब्याला हात लावायचा नाही. आपल्याला फक्त आतलं प्लॅस्टिकचं कव्हर उतरवायचंय.

कव्हर उतरलं की टॉर्च लावून आत बघा. पहिल्यांदा बघणारे थक्क होतात, कारण लाकडाचा भुसा, फोमचे तुकडे आणि अर्धवट चिकटवलेली टेप असा सगळा पसारा वर तसाच पडलेला असतो. व्हॅक्यूमने तो काढा. मग कापडाला आयसोप्रोपिल स्पिरिट लावून कडा पुसा. धुळीवर कुठलीच टेप टिकत नाही, म्हणून ही पायरी कंटाळवाणी वाटली तरी गाळू नका.

पडदीची फट मोजून ताठ फोम बोर्डाची पट्टी कापा, फटीत घट्ट बसवा आणि दोन्ही बाजूंनी अॅल्युमिनियम फॉइलची टेप लावा. भोकाच्या चौकटीचं सगळं उघडं लाकूड टेपने झाका, कोपऱ्यांत दोन थर द्या. टेप लावून झाली की स्टीलच्या चमच्याच्या पाठीने ती घासा. फॉइलवर खालच्या लाकडाचे दाणे उमटले म्हणजे टेप बसली. हे काम सकाळी लवकर करा. दुपारी छताखाली हात वर करून उभं राहणं नको होतं आणि घामाचे थेंब टेपच्या गोंदावर पडतात.

कापडाची करड्या रंगाची टेप वापरू नका. उन्हाळ्याच्या तापात तिचा गोंद सुकतो आणि ती लोंबायला लागते.

हवा खाली येऊन डक्टमध्ये वळते तिथेही काही करता येतं का?

हो, आणि त्याचा फायदा चांगला होतो. ब्लोअरची हवा खाली येते आणि सपाट तळावर आपटते. तिला तिथून काटकोनात वळून डक्टमध्ये जायचं असतं. तिथे फोम बोर्डाचा एक तिरका तुकडा बसवला, तर हवा घसरून वळते. एसीच्या आवाजातही फरक पडतो, घरघर कमी होते. फक्त हा तुकडा रिटर्नच्या वाटेत येता कामा नये.

डक्टच्या आत काय तपासायचं?

प्रत्येक व्हेंटची जाळी स्क्रू काढून उतरवा आणि मोबाइलचा कॅमेरा टॉर्चसह आत घाला. दोन गोष्टी बघायच्या.

पहिली, व्हेंटसाठी डक्ट कापताना फॉइलची एक पाकळी आत दुमडलेली राहिली आहे का. कारागीर चाकूने चौकोन कापतो, पाकळ्या आत ढकलतो आणि वर जाळी बसवतो. ती पाकळी हवेच्या प्रवाहात उभी राहते आणि पुढच्या सगळ्या व्हेंटची हवा अडवते. कात्रीने ती काढा किंवा बाहेर वळवून टेपने सीलिंगला चिकटवा.

दुसरी, शेवटच्या व्हेंटनंतरही डक्ट पुढे जातो का. बऱ्याच ट्रेलरमध्ये डक्ट थेट मागच्या भिंतीपर्यंत जातो आणि तिथे उघडाच असतो. शेवटच्या व्हेंटच्या लगेच पलीकडे फोमचा तुकडा घालून टेपने बंद केला, की ती हवा खाली यायला लागते. मागच्या पलंगावर झोपणाऱ्यांना हा फरक त्याच रात्री कळतो.

लवचिक गोल पाइप वापरला असेल तर तो झोळीसारखा लोंबत नाही ना, तेही बघा. ताणून सरळ केलेला पाइप जास्त हवा नेतो. एकाच डक्टमधून दुप्पट वेगाने हवा न्यायची झाली, तर दाबाचं नुकसान जवळजवळ चौपट होतं. म्हणून अरुंद जागा आणि मोड जितके कमी, तितकं बरं.

पुढचे व्हेंट बंद केले तर मागे जास्त हवा जाईल ना?

एखाद-दुसरा थोडा आवळायला हरकत नाही. पण निम्मे व्हेंट बंद केले तर डक्टमध्ये दाब वाढतो, जिथे गळती राहिली असेल तिथून हवा जास्त जोराने पळते, आणि कॉइलवरून वाहणारी एकूण हवा कमी होऊन बर्फ धरायला लागतो. एसीच्या अगदी खाली थेट हवा सोडणारी झडप असेल, तर ती मागच्या खोलीला गारवा हवा असताना बंद ठेवा. पोहोचल्या पोहोचल्या बैठक लवकर थंड करायची असेल तेव्हा उघडा.

आजी मागच्या खोलीत झोपते. रात्री दार लावलं की खोली उकडायला लागते, असं का?

कारण हवा आत येते, पण तिला बाहेर जायला वाट नसते. बंद खोलीत दाब थोडा वाढतो आणि व्हेंटमधली हवा मंदावते. दाराखाली दोन ते अडीच सेंटिमीटर फट ठेवा किंवा दाराच्या खालच्या भागात तिरप्या पट्ट्यांची जाळी बसवा. खासगीपणही राहतं आणि रिटर्नची वाटही मोकळी होते. घर असो की ट्रेलर, हवा परत कुठून येणार याचा विचार बहुतेक जण करतच नाहीत.

कॉइलवर बर्फ जमला आहे. काय करू?

कॉम्प्रेसर बंद करा आणि फक्त पंखा चालू ठेवा. बर्फ वितळू द्या. चाकू किंवा स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका. कॉइलची नळी पातळ असते, तिला टोचा बसला तर गॅस गेला आणि मग खरोखरच मोठा खर्च. बर्फ गेल्यावर कारण शोधा: मळलेला फिल्टर, धूळ धरलेली कॉइल, बंद व्हेंट किंवा वर सांगितलेली पडदीची फट. पंखा सतत सगळ्यात हळू ठेवूनही असं होतं.

फिल्टर किती दिवसांनी धुवायचा?

प्रवासात असाल तर दोन आठवड्यांनी, रणातून परत आलात तर लगेच. कच्छची बारीक माती फिल्टरच्या जाळीतूनही पुढे सरकते, म्हणून हंगामात एकदा कॉइलही तपासा. फिन्स, म्हणजे कॉइलवरच्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या, वाकल्या असतील तर फिन-कोंब नावाचा छोटा कंगवा मिळतो, त्याने सरळ होतात. छतावरची बाहेरची कॉइल हलक्या हाताने पाण्याने धुवा. प्रेशरच्या पंपाने फिन्स आडव्या होतात.

13,500 बीटीयूच्या जागी 15,000 चा एसी बसवला तर प्रश्न सुटेल?

बीटीयू हे थंड करण्याच्या क्षमतेचं माप, ती साधारण 11 टक्के वाढेल. 12,000 बीटीयू म्हणजे एक टन, म्हणजे तुम्ही सव्वा टनापर्यंत जाल. पण डक्ट तोच, फट तीच. गळक्या वाटेतून थोडी जास्त हवा ढकलायला इतके पैसे घालू नका. आधी गळती बंद करा, एक पूर्ण मे महिना वापरून बघा, मग ठरवा. ट्रेलर लांब असेल आणि बेडरूम एका टोकाला असेल, तर एका मोठ्या एसीपेक्षा दोन लहान एसी मला जास्त पटतात.

रिसॉर्टमध्ये एसी नीट चालत नाही, घरी मात्र चालतो. का?

व्होल्टेज बघा. आपल्याकडे 230 व्होल्ट धरले जातात. मुक्कामाच्या जागी शेवटच्या टोकाला लांब वायर ओढून दिलेला पॉइंट असेल, तर दुपारी सगळ्या खोल्यांचे एसी चालू झाल्यावर व्होल्टेज पडतं. पंख्याची मोटर मंद होते आणि हवा कमी होते. कॉम्प्रेसर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो, तेव्हा तो घुरघुरून बंदही पडतो. सॉकेट 16 अँपियरचाच मागा. तुमची वायर किमान 2.5 चौरस मिलिमीटर तांब्याची असू द्या, लांब असेल तर 4 ची. आणि गुंडाळी पूर्ण सोडा, गुंडाळलेली वायर तापते. सॉकेटला लावायचा छोटा व्होल्टमीटर सोबत ठेवा, 200 च्या खाली आकडा गेला तर एसी बंद ठेवलेला बरा.

अमेरिकेतून आणलेल्या ट्रेलरचा एसी ट्रान्सफॉर्मरवर चालवतो. हवा कमी का वाटते?

ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज 230 वरून 120 वर आणतो, फ्रिक्वेन्सी बदलत नाही. तो एसी 60 हर्ट्झसाठी बनलेला असतो, आपली वीज 50 हर्ट्झची आहे. साध्या इंडक्शन मोटरचा वेग त्याच प्रमाणात, म्हणजे सुमारे 17 टक्क्यांनी कमी होतो. शिवाय 60 हर्ट्झची मोटर पूर्ण 120 व्होल्टवर 50 हर्ट्झने चालवली तर जास्त तापते. अशा ट्रेलरमध्ये मी 230 व्होल्ट, 50 हर्ट्झचा एसी बसवायचा सल्ला देतो, छतावरचं भोक बहुधा तेच चालतं.

मकरपुऱ्यात ट्रेलर बनवून घेतला, आत घरगुती स्प्लिट एसी आहे. त्याचं काय?

स्प्लिटमध्ये डक्टच नाही, म्हणून पडदीचा प्रश्नही नाही. इथे चूक जागेची असते. इनडोअर युनिट कपाटाच्या वर दाबून बसवलं, तर वरून हवा ओढायला जागा उरत नाही. कंपनीने दिलेलं अंतर पाळा. शक्य असेल तर युनिट ट्रेलरच्या टोकाच्या, रुंदीच्या भिंतीवर बसवा, म्हणजे हवा ट्रेलरच्या लांबीच्या दिशेने जाईल. समोर एक मीटरवर वॉर्डरोब असेल, तर हवा त्याला आपटून परत येते आणि मागच्या भागात गारवा पोहोचतच नाही. बाहेरचं युनिट हिचवर (गाडीला जोडायच्या पुढच्या दांड्यावर), बंद पेटीत बसवलेलं असेल, तर त्याची गरम हवा तिथेच कोंडते. पेटीला मोठ्या जाळ्या करा.

छोटा पंखा लावून खरंच फरक पडतो?

पडतो. 12 व्होल्टचा पंखा मधल्या वाटेत, मागच्या खोलीकडे तोंड करून, जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर लावा. गार हवा खालीच बसते, ती पुढे ढकलायची असते.

ऊन अडवायला काय करावं?

मे महिन्याच्या शेवटी दुपारी सूर्य बडोद्यात जवळजवळ थेट डोक्यावर असतो. म्हणजे भिंतींपेक्षा छत जास्त तापतं, आणि आपला डक्ट नेमका छतातच आहे. म्हणून खिडकीच्या पडद्याआधी छताचा विचार करा. पत्र्याच्या छताला पांढरा उष्णतारोधक रंग लावा, रबराचं छत असेल तर त्याला चालणाराच घ्या. सोलर पॅनेल छतापासून काही सेंटिमीटर उंच बसवले, तर त्यांची सावलीही मिळते. फक्त एसीच्या बाजूंना मोकळी जागा सोडा, नाहीतर तो स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढेल.

छतावरच्या हवाखिडकीत मापाने कापलेली फोमची गादी बसवा. पश्चिमेच्या खिडक्यांना चंदेरी बबल शीट लावा. स्वयंपाक बाहेर ऑनिंगखाली, म्हणजे ट्रेलरच्या बाजूच्या कापडी छपराखाली. आणि एसी सकाळी नऊच्या आधी चालू करा. गाद्या, कपाटं, भांडी एकदा तापली, की संध्याकाळपर्यंत एसी त्यांनाच थंड करत बसतो.

पावसाळ्यात एसीतून आत पाणी टपकतं. डक्ट बंद केल्यामुळे का?

नाही. छतावरच्या एसीचं पाणी ट्रेमधून छतावर वाहून जायचं असतं. ट्रेलर एका बाजूला कललेला असेल, तर ट्रेमधलं पाणी आत येतं. आधी ट्रेलर समतल करा. मग एसी आणि छत यांच्यामधलं गॅस्केट तपासा. ते साधारण एक इंचावरून अर्ध्या इंचापर्यंत दाबलेलं असावं. बोल्ट जास्त आवळले तर ट्रे वाकतो आणि गळती वाढते. जुलैमध्ये पंखा ‘ऑटो’वर ठेवा. कॉम्प्रेसर बंद झाल्यावरही पंखा फिरत राहिला, तर कॉइलवरचं पाणी पुन्हा वाफ होऊन खोलीत येतं आणि दमट वाटतं. मे महिन्याच्या कोरड्या उन्हात मात्र पंखा पूर्ण वेगावर ठेवा.

हे सगळं स्वतः जमणार नाही. कारागिराला काय सांगू?

‘एसी बघा’ असं सांगू नका. सांगा: ‘कव्हर उतरवा, रिटर्न आणि सप्लाय (थंड हवेची वाट) यांच्यामधली पडदी सील करा, डक्टच्या तोंडाला फॉइल टेप लावा, शेवटच्या व्हेंटच्या मागे डक्ट बंद करा.’ कामाआधी आणि कामानंतर प्रत्येक व्हेंटचं तापमान त्याच्यासमोर कागदावर लिहा, दोन्ही वेळा दिवसाच्या साधारण त्याच वेळी. घरगुती एसीचा कारागीर हे काम आधी ‘यात काय आहे’ म्हणून टाळेल. मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) बसच्या बॉडीत डक्ट टाकणारा माणूस मिळाला, तर त्याला द्या. त्याला दोन वाक्यांत कळतं. कव्हर परत बसवण्याआधी आतल्या सांध्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, पुढच्या वेळी टेप कुठे सुटली ते लगेच सापडेल.